वागळांचं नाव

मी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी आठ तास उभं राहून केलेल्या कामात मी बसून चुका काढतो. पंपाचे भाग माझ्या टेबलावर येतात, मी व्हर्नियर लावतो, मायक्रोमीटर लावतो आणि मापात नसेल त्याला लाल ठिपका देतो. मग तो दोष आला कुठून, ते शोधायचं. मशीन कुठलं, टूल कुठलं, पाळी कुणाची. लोक मला चहाला बोलवत नाहीत. मीही त्यांच्या जागी असतो तर बोलावलं नसतं. मागं मागं जात दोष जिथून निघाला तिथपर्यंत पोचायचं, हे काम मला बरं जमतं, असं मालक म्हणतात. घरातल्या एका दोषाचा माग मात्र मी तीन वर्षं काढला नाही. तो कुठून आला हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

आमचं गाव आटपाडी तालुक्यात. गावाच्या मागं टेकडी आहे आणि टेकडीच्या पोटात भैरोबाची कपार. खडकात आत गेलेली गुहा, पुढं अलीकडं बांधलेला सिमेंटचा मंडप, आणि देवाच्या बरोबर डोक्यावर छताला लटकलेली वटवाघळं. लहान जातीची, मुठीत मावतील अशी, किडे खाणारी. किती आहेत ते कुणी मोजलेलं नाही. आधी देव आला की आधी वटवाघळं, यावर गावात दोन मतं आहेत. पण दोघांचं आपसात कधी वाजल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

माझे वडील सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त झाले. ते गावी आले त्याच सुमारास देवाचा गुरव विट्याला लेकाकडं राहायला गेला, आणि कपारीच्या झाडलोटीची ड्युटी वडिलांनी घेतली. कुणी दिली नव्हती, ते रिपोर्ट झाले एवढंच. तेव्हापासून रोज सकाळी साडेपाचला खराटा घेऊन ते वर जातात. वटवाघळांच्या लेंड्या झाडून खताच्या रिकाम्या पोत्यात भरतात आणि त्या डाळिंबाला घालतात. आमच्या डाळिंबाला रंग जास्त येतो असं गाव म्हणतं. ते खरं असो नसो, पण मूठभर लेंड्या मागायला लोक घरी यायचे आणि आई त्या चाळून द्यायची. त्यासाठी तिनं वेगळी चाळणी ठेवली होती. पिठाची चाळणी ती कधी लेंड्यांना लावायची नाही. आमच्या घरची आरोग्यव्यवस्था ही एवढी.

वडिलांचा एक नियम होता. गाभाऱ्यात झाडताना ते नाकातोंडावर उपरणं बांधायचे. धुळीसाठी नाही. आपला श्वास आणि थुंकी देवावर उडू नये म्हणून गुरव बांधायचा, म्हणून हेही बांधायचे. गाभाऱ्याच्या बाहेर आले की उपरणं सोडायचे आणि मग उघड्या तोंडानं, उघड्या हातांनी, पोत्यात वाकून लेंड्या भरायचे. देव सुरक्षित होता. बाकीच्यांचा विचार करायला कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या लाटेत आमचं वर्कशॉप बंद पडलं नाही. पंपाचे भाग अत्यावश्यक ठरले. तोवर आम्हाला कुणी अत्यावश्यक म्हटलेलं नव्हतं, त्यामुळं सगळे जरा खूशच होते. एका शुक्रवारी मला कूलंटचा वास येईना. मशीनवर टूल तापू नये म्हणून जे दुधाळ पाणी सोडतात तो कूलंट. आमचा फार जुना झालेला होता आणि त्याला नासक्या अंड्याची घाण मारायची. मला वाटलं, मालकांनी शेवटी बदलला. शेजारच्या ऑपरेटरला मी तसं म्हणालोही, बरं झालं बाबा. त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं.

बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी एकट्यानंच गाडीला किक मारली आणि गावाकडं निघालो. तासगाव, विटा, भिवघाट करत घरी पोचेपर्यंत खोकला लागला होता. तो मी रस्त्याच्या धुरळ्याच्या नावावर टाकला. आईनं माझ्यासाठी हुलग्याचे शेंगोळे केले होते. पहिला घास घेतला तर काहीच लागेना. चिखल चावल्यासारखं. मी अर्धं ताट तसंच ठेवलं.

"का रं, बिगडलं व्हय?" आईनं विचारलं.

"न्हाई, पोट भरलं."

ती माझ्या ताटावर बसली आणि उरलेलं खायला लागली. आमच्याकडं यात नवीन काही नव्हतं. पोराचं उष्टं ताट आईनं संपवायचं, ही गोष्ट तिच्या आईनं केली, तिच्या सासूनं केली, मी लहान असल्यापासून तिनं केली. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, केस पिकायला लागले, तरी माझ्या ताटात उरलेलं बायकोला न देता तीच खायची. "मीठ तर बराबर हाय की," ती म्हणाली आणि बोटानं रस्सा पुसून घेतला. रविवारी दुपारी मी कुपवाडला परतलो. मंगळवारी कंपनीच्या गेटवर सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. माझी पॉझिटिव्ह आली.

मला चार दिवस ताप होता. खोलीत पडून मोबाइल बघत होतो. शुक्रवारी आईला ताप चढला. ॲम्ब्युलन्सनं आधी आटपाडीला नेलं, तिथून सांगलीला. सांगलीचं ते हॉस्पिटल माझ्या खोलीपासून गाडीवर वीस मिनिटांच्या अंतरावर होतं आणि मला खोलीच्या बाहेर पडायची परवानगी नव्हती. नवव्या दिवशी ती गेली. वडिलांना काही झालं नाही. फौजी माणसाला ऑर्डर आल्याशिवाय आजार होत नाही, असं ते पूर्वी चेष्टेनं म्हणायचे. त्यानंतर म्हणाले नाहीत.

त्या दिवसांत टीव्हीवर सारखी उलटी लटकलेली वटवाघळं दाखवायचे. परदेशातल्या कुठल्या गुहेतली असतील, पण वटवाघळासारखं वटवाघूळ दिसतं. तिसऱ्या दिवशी भावकी अंगणात लांब लांब उभी राहून भेटायला आली. मी फोनवर होतो आणि फोन वडिलांच्या हातात होता. माझ्या थोरल्या चुलतीचा आवाज आला, "वागळांच्या घानीत हात घालायची बिचारी. त्यातनंच झालं म्हनायचं."

"व्हय," वडील म्हणाले, "त्यातनंच."

मग चुलतीनं फोनमध्ये मला विचारलं, "व्हय न्हवं रं?"

"व्हय," मी म्हणालो. ते म्हणताना मला अजिबात जड गेलं नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. याची लाज मला नंतर आली, आणि ती अजून गेलेली नाही.

दिवस झाले, वर्षश्राद्ध झालं. वागळांनी बाई खाल्ली, हे गावात पक्कं होऊन बसलं. लेंड्या मागायला कुणी येईना. वडील मात्र रोज साडेपाचला खराटा घेऊन वर जातच राहिले. ज्या वटवाघळांनी बायको नेली त्यांच्याच खाली जाऊन एखादा माणूस रोज झाडून येतो, यात काहीतरी मापात बसत नाही, हे माझ्यासारख्याच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. किंवा आलं, आणि मी ठिपका दिला नाही.

गेल्या हिवाळ्यात एक पांढरी जीप गावात आली. पुण्याच्या एका संस्थेची तीन माणसं. त्यांची प्रमुख एक बाई होत्या, मूळच्या वाईच्या, पस्तिशीच्या आसपास, अगदी स्वच्छ पुस्तकी बोलणाऱ्या. त्यांच्याकडं वनखात्याचं पत्र होतं. रानातल्या प्राण्यांमध्ये त्यांचे त्यांचे कोरोना विषाणू असतात, वटवाघळांत तर पुष्कळ. बहुतेक माणसाला काही करत नाहीत, पण एखादा उडी मारू शकतो. म्हणून कुठल्या प्राण्यात काय आहे ते आधीच बघून ठेवायचं, असं त्यांनी पारावर उभं राहून समजावून सांगितलं. गावानं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यातलं एकच ध्यानात ठेवलं. कोरोनाची गाडी वागळांकडं आली.

मी डाळिंबाच्या छाटणीसाठी रजा काढून आलो होतो. बाईंना मदतीला लिहिता वाचता येणारा माणूस हवा होता, म्हणून पोलीस पाटलांनी मला पुढं केलं. संध्याकाळी दिवेलागणीला वटवाघळं बाहेर पडायला लागली की कपारीच्या तोंडाशी बारीक जाळी धरायची, अडकलेलं अलगद सोडवून कापडी पिशवीत घालायचं, तोंडातून आणि मागून कापसाच्या काडीनं नमुना घ्यायचा, हाताच्या हाडाचं माप घ्यायचं आणि सोडून द्यायचं. खाली प्लॅस्टिक अंथरून लेंड्याही गोळा करायच्या. सगळ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, दोन दोन हातमोजे, मास्क, चष्मा घालायचा. मलाही एक झगा मिळाला.

माप घ्यायला बाईंकडं व्हर्नियर होता. तो त्यांनी पहिल्या वटवाघळाला लावला आणि मला राहवलं नाही.

"मॅडम, ह्याला झिरो एरर आहे."

त्यांनी जबडे मिटून, रेघ शून्यावर येते का ते उजेडात धरून बघितलं. होता. "आतापर्यंत कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या, आणि व्हर्नियर माझ्या हातात दिला. तेव्हापासून मी मोजायचं आणि त्यांनी लिहायचं असं ठरलं. माझा व्हर्नियर मी घरून आणला. पंधरा वर्षं पंपाचे भाग मोजले, पण त्यातला एकही माझ्याकडं बघत नव्हता. हे बघायचं. हातमोज्यांच्या दोन थरांतूनसुद्धा त्याचं काळीज फडफडताना लागायचं.

दुसऱ्या संध्याकाळी वडील कपारीबाहेर येऊन उभे राहिले. एवढा सगळा पेहराव त्यांनी कवायतीच्या नजरेनं वरपासून खालपर्यंत तपासला. "वागळांचं लय भ्या वाटतं व्हय?" त्यांनी बाईंना विचारलं.

"आपल्यालाही जपायचं, काका, आणि त्यांनाही," बाई म्हणाल्या. "माणसाचा कोरोना आपल्याकडून त्यांना गेला, तर तो त्यांच्यात जाऊन काय रूप घेईल ते सांगता येत नाही. म्हणून आपला श्वास त्यांच्यावर जाऊ द्यायचा नाही. काम झालं की झगा उतरवायचा, हातपाय धुवायचे, मगच बाकीच्यांत मिसळायचं."

वडिलांचा चेहरा खुलला. "म्हंजी सोवळंच की," ते म्हणाले.

हे त्यांनी गावात सांगितलं आणि पुण्याची माणसं सोवळ्यात आहेत हे सगळ्यांना पटलं. मग त्यांच्या वाटेला कुणी गेलं नाही. नैवेद्य घेऊन येणाऱ्या बायका लांब थांबायच्या, चुकून स्पर्श होईल म्हणून पदर आवरून घ्यायच्या, आणि पोरांना मागं ओढायच्या. अंतर पाळण्याच्या बाबतीत इतकं शिस्तीचं गाव आपल्याला कुठंच भेटलं नाही, असं बाई मला म्हणाल्या. 

शेवटच्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं. वटवाघूळ हातात होतं, त्यामुळं त्यांच्याकडं बघायला लागत नव्हतं. "माझी आई ह्यांच्या लेंड्या चाळायची. कोरोनात गेली. ह्यांच्यापासूनच झाला असेल ना तिला?"

खरं सांगायचं तर मला त्यांनी 'हो' म्हणायला हवं होतं. शिकलेलं माणूस, पुण्याची संस्था, एवढा मोठा झगा. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर मी ते जन्मभर पुरवून वापरलं असतं.

त्यांनी पेन थांबवलं. "तेव्हा जी साथ होती ती माणसाकडून माणसाला होत होती," त्या म्हणाल्या. "त्या आठवड्यात तुमच्या घरी बाहेरून कुणी आलं होतं का?"

"बावन्न पूर्णांक चार," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. पुन्हा विचारलं नाही. मी मूठ सैल केली आणि वटवाघूळ हवेत सोडलं.

नमुने पुण्याला गेले, निकालाला वेळ लागणार होता. गाव निकालासाठी थांबलं नाही. आमच्या सरपंच एक बाई आहेत, म्हणजे सही त्यांची असते आणि बोलतात त्यांचे मालक. त्यांनी बेत मांडला. कपारीत मिरचीची धुरी द्यायची, वागळं बाहेर काढायची, तोंडाला स्टीलची जाळी बसवायची, आत फरशी आणि एक्झॉस्ट फॅन. ग्रामसभेच्या पत्रिकेवर तो विषय क्रमांक चार म्हणून आला. मी पुण्याच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, असं करू नका. घाबरलेल्या, हुसकलेल्या वटवाघळांच्या अंगातून विषाणू जास्त बाहेर पडायची भीती असते, आणि ती जातील कुठं, तर तुमच्याच घरांच्या आढ्याला. आत्ता निदान त्यांचा पत्ता तुम्हाला माहीत आहे. मी हे वडिलांना सांगितलं. ते डाळिंबाला आळं करत होते.

"आबा, तुमी ग्रामसभेत बोला. तुमचं ऐकत्यात."

"गाव म्हनंल तसं," ते म्हणाले आणि खोऱ्यानं माती ओढत राहिले.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात सकाळी अकराला भरली. बाई मुद्दाम पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी पंधरा मिनिटं फार नीट समजावून सांगितलं. मग सरपंचांच्या मालकांनी उभं राहून विचारलं, "मॅडम, एकच सांगा. ह्या वागळांपास्नं मानसाला काय व्हनारच न्हाई, असं लिहून देता का?"

"शून्य धोका असं कुठलाच शास्त्रज्ञ लिहून देणार नाही," बाई म्हणाल्या. "फार थोडा आहे, आणि काळजी घेतली तर..."

"म्हंजी हाय," मालक म्हणाले. पुढचं ऐकायची गावाला गरज राहिली नाही. ग्रामसेवकानं ठरावाच्या वहीत लिहायला सुरुवात केली. बाई माझ्याकडं बघत होत्या. खोटं न बोलल्याची एवढी रोकडी शिक्षा मी फक्त आमच्या ऑडिटमध्ये बघितली आहे.

"आन पुरावा तर गावातच हाय," मालक वडिलांकडं हात करून म्हणाले. "ह्यांच्या घरातली लक्ष्मी गेली. आनि काय पायजे?"

सगळ्यांनी वडिलांकडं बघितलं. ते जाजमाच्या कडेला बसले होते आणि मांडीवरच्या टोपीची घडी घालत होते. आईच्या मागं त्या माणसाकडं दिवसभरात करण्यासारखं एकच काम उरलं होतं आणि ते साडेपाचला सुरू व्हायचं. वटवाघळं गेली की झाडायला काही राहणार नव्हतं. फरशीवर फॅनच्या वाऱ्यात बसून त्यांनी काय करायचं? ते एक वाक्य बोलले असते तर ठराव तिथंच पडला असता. आणि ते वाक्य बोलायचं म्हणजे दुसरं नाव घ्यावं लागलं असतं. त्यांनी टोपीची आणखी एक घडी घातली. तेव्हा मला कळलं, की हा माणूस देवाच्या कपारीसकट सगळं सोडून देईल पण माझं नाव घेणार नाही. मला त्यांची दया आली, आणि स्वतःची किळस आली.

मी उभा राहिलो. खांबाला धरलं.

"आईला वागळांपास्नं झाला न्हाई," मी म्हणालो. "मी कुपवाडहून आनला. मला वास येत नव्हता, खोकला हुता, तरी घरी आलो. तिनं माझ्या उष्ट्या ताटातलं खाल्लं. मंगळवारी माझा रिपोर्ट आला आनि शुक्रवारी ती पडली. तिला माझ्यापास्नं झाला. मला ते तवाच ठाव हुतं, आनि मी तीन वर्सं गप बसलो. वागळांचा काय संबंध न्हाई."

 ग्रामसेवकाचं पेन वर उचललेलं तसंच राहिलं. लोक मला काय म्हणतील याची तयारी मी तीन वर्षं केली होती. रस्त्यानं गाडी चालवताना, टेबलावर माप घेताना, एकेक शिवी मी पाठ करून ठेवली होती आणि प्रत्येकीला माझ्याकडं उत्तर होतं.

"ठाव हाय की रं," थोरली चुलती म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती.

"तुजी गाडी दोन दीस दारात हुती. तू खोकत हुतास, ते माज्या चुलीपतूर ऐकू येत हुतं. आमी काय आंधळं हाय का भैरं हाय?"

"मग कुणी बोललं का न्हाई?"

"बोलून काय माजी जाऊ परत येनार हुती? तूच तेवढा न्हाईसा झाला असतास."

मी आजूबाजूला बघितलं. कुणाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. काहीजण खाली बघत होते, एकदोघं मिशी ओढत होते. पोलीस पाटील खिशात काहीतरी शोधत होते. सबंध गावात ही गोष्ट माहीत नसलेली दोनच माणसं होती, पुण्याच्या बाई आणि जीपचा ड्रायव्हर.

सगळ्यात जास्त दुखावले होते सरपंचांचे मालक. "मलाबी ठाव हुतं," ते म्हणाले. "आवं, तुमच्या घरासाटनंच तर म्या हे लावून धरलं. तीन वर्सं गाव म्हनतंय वागळांनी खाल्ली. आता सरकारी गाडी वागळं तपासून गेली. त्याच्या उप्परबी आमी हातावर हात ठिवून बसलो, तर लोक काय म्हनत्याल? म्हनत्याल, ह्यांलाच खरं वाटत न्हाई. मग बोट कुनाकडं जाईल?" त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि लगेच मागं घेतलं. "जाळीचं कोटेशनबी मागवलं हुतं."

म्हणजे एका माणसाची अब्रू झाकायला अख्खं गाव मिरच्या पेटवायला निघालं होतं. त्यात विज्ञान कुठं नव्हतं, पण माग काढणं हाच माझा धंदा असूनही मला हे कुठूनच दिसलं नव्हतं. मी खाली बसलो. शेजारच्या माणसानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

"मग ठराव काय लिहू?" ग्रामसेवकानं विचारलं.

मालकांनी वडिलांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "लिव्हा, विषय चार मागं घेतला."

"कारण?"

"कारन लिव्हायचं न्हाई."

बाईंनी मग पाचच मिनिटं घेतली. लेंड्या उघड्या हातानं भरायच्या नाहीत, वटवाघळाला हात लावायचा नाही, मेलेलं सापडलं तर कळवायचं, कपारीत गर्दी आणि धूर नको. वडिलांना त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही आत उपरणं बांधता ते बाहेर आल्यावर सोडू नका. पोत्याचं तोंड बांधेपर्यंत राहू द्या. शक्यतो मी देते तो मास्कच लावा."

"आत देवासाटनं बांधतो," वडील म्हणाले. "भाईर कुनासाटनं बांधू?"

"भाईर तुमच्यासाठी," बाई म्हणाल्या. वाईच्या तोंडचं 'भाईर' ऐकून बायका हसल्या. वडिलांनी मास्कांची पुडी दोन्ही हातांत घेतली.

सभा सुटली. पाचवा विषय गटारीचा होता, त्यावर मात्र कडाक्याचं भांडण झालं आणि मग सगळ्यांना बरं वाटलं. मी आणि वडील चालत घराकडं निघालो. ऊन डोक्यावर आलं होतं. ओढ्याचा पूल आला. मला त्यांची माफी मागायची होती, पण आमच्या घरात ती कशी मागतात हे मी कधी बघितलेलं नव्हतं.

"आबा," मी म्हणालो, "तुमी तरी मला बोलायचं हुतं. एकदा शिव्या घालायच्या हुत्या. वागळांचं नाव कशाला काडलं?"

वडील थांबले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"म्या न्हाई काडलं," ते म्हणाले. "तुज्या आईनं काडलं. ॲम्ब्युलन्समदी. म्या तेवढं वैनीच्या कानावर घातलं."

मी उभा राहिलो.

"आक्सिजन लावला हुता तिला. बोलू नको म्हनलं तर ऐकंना. तोंडावरचा मास्क हातानं बाजूला केला." वडिलांनी स्वतःचा हात तोंडापाशी नेला आणि बाजूला करून दाखवला. "म्हनली, कुनी इचारलं तर पोराचं नाव घिऊ नका, लय मनाला लावून घील. वागळांचं सांगा. त्यास्नी काय वाटत न्हाई."